अंडी फिरेनात

१

रामलिंगचा दिवस हौदात हात घालून सुरू व्हायचा. चहा त्याच्या नंतर.

लोह्याच्या पुढं, पाझर तलावाच्या खालच्या अंगाला त्याचं मत्स्यबीज केंद्र होतं. नर-मादी सोडायचं एक टाकं आणि शेजारी अंड्यांचा मोठा गोल सिमेंटचा हौद. हौदाच्या तळाशी तिरप्या तोंडाचे नळ बसवलेले. मोटार चालू झाली की पाणी गोल फिरायला लागायचं आणि पाण्यासोबत रोहूची अंडी फिरायची. भिजलेल्या साबुदाण्यासारखी, आरपार दिसणारी. फिरत राहिली तर जगतात, तळाला बसली की गुदमरतात. पहाटे सोडलेली अंडी दिवस मावळायच्या आत फुटतात आणि सगळं पाणी बारीक वळवळीनं भरून जातं. त्या पिलांना धंद्यात जिरे म्हणतात. दिसतातच तशी.

उदगीरला मत्स्यशास्त्र शिकून रामलिंगनं नोकरी धरली नाही, हे केंद्र काढलं. आजूबाजूच्या तळ्यांत त्याचेच जिरे जायचे. यंदा मात्र सगळं बिनसलं होतं.

वरच्या माळावर फवारणीची औषधं बनवणारा कारखाना उभा राहिला होता. त्याचं पाणी ओढ्यात, ओढा तलावात आणि तलावाचं पाणी हौदात. पहिल्या घाण्याची अंडी दुपारपर्यंतच पांढरी पडली. दुसऱ्या घाण्यात पिलं धरली, पण कशी? रामलिंगनं त्याच्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पाठीचा कणा कोयत्यासारखा वाकलेला, पोट पाण्यानं टम्म फुगलेलं आणि हृदयाच्या जागी नुसता ताणलेला दोरा. तो दोरा धडधडत होता, हे जास्त वाईट होतं.

त्यानं तक्रार केली. मग तक्रारीची आठवण करून दिली, मग आठवणीची आठवण. शेवटी प्रदूषण खात्याचे माधवराव नावाचे साहेब आले, तेही सलग दोन दिवस पाऊस होऊन ओढा धुऊन निघाल्यावर. बाटलीत पाणी घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "नितळ तर आहे हो."

"साहेब, पाणी सोडा. ही अंडी बघा ना."

"अंडी आमच्या खात्यात येत नाहीत," माधवराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. ते गाडीत बसले आणि गेले.

२

तिसरा घाणा रामलिंगनं हट्टानं लावला.

ही अंडी पांढरी पडली नाहीत. दुपारी पाहिलं, तर एकूण एक टपोरी आणि स्वच्छ. आत पिलू धरलेलं, कणा सरळ. त्याचा गडी ग्यानोबा हौदाच्या कठड्यावर वाकून म्हणाला, "मालक, औंदा देव पावला बघा."

दिवस मावळला, अंडी फुटली नाहीत. गारठ्यानं उशीर होतो कधी कधी. सकाळी फुटतील, असं म्हणून रामलिंग झोपला. सकाळी हौद तसाच. त्याच्या पुढच्या सकाळीही तसाच. अंडं एवढं टिकत नाही. एकतर फुटतं, नाहीतर कुजतं. ही अंडी दोन्ही करत नव्हती.

त्याची बायको उज्वला चहा घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे पूर्वेच्या कठड्यावर टेकली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते. आता नववा लागला होता. शाळेतून रजा घेतलेली, घरात करमत नव्हतं, म्हणून ती दिवसातला बराच वेळ हौदाशीच बसायची.

"फुटली का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग मेली का?"

"तेही नाही." रामलिंगनं चहा घेतला, आणि घोट घेता घेता त्याचं लक्ष पाण्याकडे गेलं. पाण्यावर लिंबाचं एक पिवळं पान पडलं होतं. ते गोल फिरत होतं. त्याच्याशेजारी फेस फिरत होता.

अंडी फिरत नव्हती.

पूर्वेच्या कडेला, उज्वलाच्या पायाखाली, ती सगळी चंद्रकोरीसारखी एकजागी थांबली होती. पाणी त्यांच्यामधून वाहत होतं आणि ती जागची हलत नव्हती.

३

नळ तुंबला असेल. रामलिंगनं मोटार बंद करून एकेक तोंड तारेनं साफ केलं. तळाला उतार आला असेल, म्हणून त्यानं गवंड्याची पाणसळ मागवली. हौद सपाट होता. दोन नळांची तोंडं उलटी फिरवली, तर पाणी उलटं फिरायला लागलं. अंडी तिथंच.

"आवं, चिकट झाली असतील," ग्यानोबा म्हणाला.

रामलिंगनं बांबूनं अंडी ढवळली. चिकट नव्हती. मोकळी झाली, विखुरली आणि सावकाश परत आपल्या जागी आली.

तेवढ्यात उज्वला उठली. पलीकडे दोरीवर कपडे वाळत होते, ते काढायला ती हौदाला वळसा घालून गेली. तिची सावलीसुद्धा पाण्यावर पडत नव्हती, ऊन तिच्या समोरून होतं. तरी कोर हलली. कडेकडेनं, ती ज्या चालीनं चालली होती त्याच चालीनं, सगळी अंडी घसरत पश्चिमेला गेली. ती कपडे काढेपर्यंत अंडी तिथं थांबली. ती परत येऊन बसली, तशी अंडीही परत आली.

रामलिंगच्या हातातला बांबू पाण्यात गेला.

"काय झालं हो?"

"काही नाही. हात ओला होता."

ती आत गेल्यावर त्यानं ग्यानोबाला हौदाभोवती फिरायला लावलं. कोर घराच्या दाराकडे तोंड करून तशीच. मग तो स्वतः फिरला. काही नाही. ग्यानोबा त्याच्याकडं बघत राहिला. "मालक, हे काय करायलो आपण?"

"काही नाही रे. पाण्याची ओढ बघतोय," रामलिंग म्हणाला. ते त्याला स्वतःलाही पटलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं कॅनमध्ये हौदाचं पाणी घेतलं, जाळीनं थोडी अंडी सोडली, कॅन मोटारसायकलला बांधला आणि नांदेड गाठलं. उदगीरचा त्याचा वर्गमित्र सत्यम तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होता.

सत्यमनं कॅनचं झाकण उघडलं आणि नाक दाबलं. "मेलेली घेऊन आलास की."

आत पांढरा गाळ झाला होता. निघताना टपोरी होती ती अंडी हीच का, असं वाटावं.

"घरी जिवंत आहेत रे. तू चल, डोळ्यांनी बघ."

"अरे, माझी परीक्षेची ड्युटी आहे." सत्यमनं त्याला कॅन्टीनमध्ये नेलं आणि नीट समजावून सांगितलं. पिलू पूर्ण झालं की आतून एक रस सोडतं, त्यानं टरफल विरघळतं. काही विषारी औषधांनी तो रसच तयार होत नाही. पिलू वाढतं, पण बाहेर येता येत नाही. "आतच कोंडतात. पण फार टिकत नाहीत, रामलिंग. आतला बलक संपला की खलास."

रामलिंगला हायसं वाटलं. कारण होतं. पुस्तकात होतं. त्यानं तोंड उघडलं, अंडी फिरत नाहीत हे सांगायला, आणि मिटलं. काय सांगणार? की माझ्या बायकोच्या मागं चालतात?

"घरी पाणी कुठलं पिता?" सत्यमनं सहज विचारलं.

"बोअरचं."

"बोअर कुठंय?"

रामलिंग बाकावरून उठला. बोअर हौदाला लागूनच होता.

५

"मी आत्ताच माहेरी जाणार नाही," उज्वला म्हणाली. "आई मला खाटेवरून उठू द्यायची नाही. आणि बाळ इथं किती शांत असतं."

"शांत म्हणजे?"

"घरात नुसती ढकलाढकली करतं. इथं येऊन बसले की निवांत. नुसतं मधूनच एक उचकी दिल्यासारखं हलतं." तिनं पोटावर हात ठेवला आणि हसली. "हं, आत्ता."

रामलिंग हौदाकडे बघत होता. भर दुपारचं ऊन पाण्यात तळापर्यंत उतरलं होतं. ती "आत्ता" म्हणाली आणि हजारो टरफलांच्या आत हजारो पिलांनी एकाच वेळी अंग झटकलं. कोरीवरून एक शहारा गेला आणि थांबला.

योगायोग. पिलं आत वळवळतातच.

"परत हललं की सांग मला," तो म्हणाला.

"तुम्हाला काय करायचंय?"

"सांग तर."

मोटार घुमत होती. वरच्या लिंबावर होला बोलत होता. उज्वला मान वाकवून वाट बघत बसली.

"हं," ती म्हणाली.

शहारा गेला.

"हं. आणि... हं."

रामलिंगनं तिचा दंड धरून तिला उठवलं, जरा जोरातच. ती रागावली, रडली. संध्याकाळच्या आत त्यानं गाडी सांगितली आणि अहमदपूरमार्गे तिला चाकूरला सोडून आला. वाटेत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. प्यायला तिनं घरची पाण्याची मोठी बाटली भरून घेतली होती. परक्या गावचं पाणी बाधतं म्हणे. चाकूर तिचं माहेर होतं, परकं गाव नव्हे, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

६

सकाळी अंडी दक्षिणेच्या कडेला होती. चाकूरच्या बाजूला.

रामलिंग डोकं धरून बसला. मग उठला आणि हौदाच्या निचऱ्याची चावी सोडली. झाला तेवढा तमाशा पुरे. हौद रिकामा करायचा, चुना मारायचा, टाळं ठोकायचं.

पाणी खळखळत मोरीकडं निघालं. पातळी उतरली तशी अंडी भिंतीला चिकटून उघडी पडायला लागली. उन्हात ती क्षणभर चमकली आणि आतली पिलं एकदम स्थिर झाली. इतके दिवस त्यानं त्यांना कधी पूर्ण थांबलेलं पाहिलं नव्हतं.

फोन वाजला. उज्वला होती.

"अहो, बाळ हलेना."

"कधीपासून?"

"आत्ताच. एकदम थांबलं. मला नाही बरं वाटत. आई, बघ ना गं..."

त्यानं चावी आवळली. पान्हा दोनदा सटकला. "ग्यान्या, मोटार लाव! पाणी घे आत, पाणी!" ग्यानोबा पळत गेला. नळांमधून पाणी फुसफुसत वर यायला लागलं, तेच ओढ्याचं, गढूळ, उग्र वासाचं. भिंतीवरची अंडी एकेक करून पाण्यात उतरली.

"हं," उज्वला फोनवर म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. "हं. हललं."

त्या दिवसापासून रामलिंग हौदाचा गुलाम झाला. वीज गेली की डिझेल इंजिन, इंजिन बिघडलं की तो आणि ग्यानोबा बादल्यांनी. डीपी जळाला तेव्हा त्यानं वीज कार्यालयात जाऊन इतका आरडाओरडा केला की लोक जमले. "मेलेल्या अंड्यांसाठी एवढं?" वायरमन म्हणाला. रामलिंगनं त्याची गचांडी धरली आणि मग त्याचीच माफी मागितली. कुणाला काही सांगता येत नव्हतं. सत्यमला फोन केला, तर तो म्हणाला, "तू नीट झोपत जा."

दिलेली तारीख उलटून गेली. कळा येईनात. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर मुग्धा बाई होत्या. त्यांनी सोनोग्राफी केली. "बाळ ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "वाढ पूर्ण. फक्त बाहेर यायचं मनावर घेईना." त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. रामलिंग पडद्याकडे बघत होता. त्याला त्या करड्या धुक्यातलं काही कळत नव्हतं. पण बाई यंत्र पोटावर डावीकडे सरकवत, तसं ते लहानसं डोकं डावीकडे वळत होतं. उजवीकडे नेलं, की उजवीकडे.

"असं करतात का बाळं?" त्यानं विचारलं.

बाईंनी यंत्र उचललं. "उद्या सिझर करू," एवढंच म्हणाल्या.

७

मुलगी झाली. आतून रडण्याचा आवाज आला आणि त्याच वेळी रामलिंगचा फोन वाजला. ग्यानोबा होता.

"मालक, फुटली! समदी एकदम फुटली!"

"जिरे कसे आहेत?"

पलीकडे नुसती मोटार ऐकू येत होती.

"जिरं न्हाईत, मालक. लई बघितलं. बारीक जाळी फिरवली, कापड फिरवलं. नुसती टरफलं हाईत. आत काय बी न्हाई."

रामलिंगनं फोन ठेवला. नर्सनं कापडात गुंडाळलेली पोर त्याच्या हातात दिली. कणा सरळ, बोटं नीट, नाक उज्वलाचं. त्याला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला वाटलं, की संपलं.

दुपारी पोर निळी पडली. दूध घेईना, श्वास तुटायला लागला. काचेच्या पेटीत ठेवली, नळ्या लावल्या. सगळे रिपोर्ट मर्यादेत होते. हा शब्द रामलिंगनं याआधी माधवरावांच्या पाणी-अहवालात वाचला होता आणि त्याला तेव्हाही दात-ओठ खावेसे वाटले होते. शेवटी दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून आलेल्या उज्वलानं, डॉक्टर मागं वळल्यावर, आपल्या बाटलीतल्या पाण्यात बोळा भिजवून पोरीच्या ओठांवरून फिरवला. बाटलीत तळाशी घोटभरच उरलं होतं, लोह्याहून आणलेलं आणि तिनं घोटघोट करून पुरवलेलं.

पोर गुलाबी झाली. उचकी दिल्यासारखी एकदाच हलली आणि झोपली.

८

आता रामलिंग दर दोन दिवसांनी हौदाचं पाणी कॅनमध्ये भरून चाकूरला नेतो.

योगायोग असेल म्हणून त्यानं एकदा कुणाला न सांगता कॅन बदलला. आत चाकूरचं नळाचं पाणी भरलं. त्याची सासू सिंधु पोरीला आंघोळ घालत होती. पहिल्याच तांब्याला पोरीचे ओठ काळे पडले, हात-पाय ताठ झाले. त्यानं धावत जाऊन खरा कॅन आणला. एका प्रयोगानं काही सिद्ध होत नाही, हे त्याला शिकवलेलं होतं. दुसरा करायची त्याची छाती नव्हती.

एका शुक्रवारी असाच तो पाणी घेऊन आला, तेव्हा आंघोळच चालली होती. सिंधु पाय पसरून बसली होती, पायांवर पोर उताणी. उज्वला जवळ टॉवेल घेऊन उभी. न्हाणीत उग्र वास भरून राहिला होता. त्या दोघींना तो आता येत नव्हता.

"आपली पोर गुणाची बाई," सिंधु म्हणाली. "कदी रडत न्हाई न्हाताना. बघा की जावयबापू."

रामलिंगनं पाहिलं. तांब्यातली धार पोरीच्या कपाळावरून सरळ उघड्या डोळ्यांवर पडत होती. पापणी लवत नव्हती. धारेखालचे डोळे सिंधुकडे बघत नव्हते, उज्वलाकडेही नाही. त्याच्या हातातल्या कॅनकडे बघत होते. तो बाजूला सरकला. तेही सरकले.

फोन वाजला. माधवराव साहेबांचा होता, आवाज अगदी खुशीत.

"रामलिंगराव, अभिनंदन! तुमच्या तक्रारीचं काम झालं एकदाचं. मी स्वतः पाठपुरावा केला बरं का. कारखान्याला उद्या सील. ओढा वाहता आहे, तलावही भरून सांडतोय. महिन्याभरात तुमच्या हौदात निवळशंख पाणी येईल, बघा."

रामलिंगनं हातातल्या कॅनकडे पाहिलं.

"हॅलो? ऐकू येतंय ना? तुमच्या मनासारखं झालं की हो!"

"जावयबापू," सिंधु न्हाणीतून म्हणाली, "तांब्या सरला. वता की पाणी."

पोरीचा श्वास तिथं, दारात उभ्या असलेल्या रामलिंगला ऐकू यायला लागला होता.

"साहेब," तो म्हणाला. इतके महिने ज्या माणसावर त्यानं दात खाल्ले होते, त्याच्यासमोर हात जोडावे तसा त्याचा आवाज झाला होता. "साहेब, तो आदेश मागं घेता येतो का?"